घरातील कीड आणि उंदीर : आधी ओळख, मग उपाय

उन्हाळ्यात वर्षभराचा गहू उन्हात तापवून कोठीत भरावा आणि पावसाळा सरता सरता झाकण उघडावे, तर दाण्यांवर पांढुरकी भुकटी पसरलेली दिसावी, हा अनुभव देशातील असंख्य घरांचा आहे. पंजाबातील मातीचा भडोला असो, केरळातील लाकडी पत्तायम असो, आसामातील भराल असो वा महाराष्ट्रातील कणगी, धान्य साठविले की त्याच्या मागावर कीड आणि उंदीर येतातच. अशा वेळी बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : ‘यावर औषध कोणते?’ त्याआधी विचारावयाचा प्रश्न मात्र राहून जातो : ‘हे आहे काय?’

हा दुसरा प्रश्न शास्त्रीय कुतूहलापुरता नाही. एक कीड दाण्याच्या आत वाढते, दुसरी बाहेर; एक कोठीच्या फटीत वर्षानुवर्षे दबा धरून बसते, दुसरी शेतातूनच शेंगेसोबत घरी येते. एक उंदीर नवी वस्तू दिसताच ती चाखून पाहतो, दुसरा तिच्याजवळ अनेक दिवस फिरकत नाही. ओळख चुकली की उपाय चुकतो, आणि घरात चुकलेला उपाय कधी कधी किडीपेक्षा अधिक घातक ठरतो. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ मधील अभ्यासानुसार काढणी व काढणीपश्चात टप्प्यांत मिळून तृणधान्यांची ४.६५ ते ५.९९ टक्के आणि कडधान्यांची ६.३६ ते ८.४१ टक्के हानी होते. या हानीतील साठवणुकीतील वाटा कमी करणे मात्र पुष्कळ अंशी घराच्या हातात आहे.

दाणा काय सांगतो

धान्यातील किडीला मराठी घरांत कुठे सोंडे, कुठे टोके, कुठे पोरकिडे अशी नावे आहेत. अनेकदा एकच नाव वेगवेगळ्या किडींसाठी वापरले जाते. त्यामुळे नावापेक्षा दाण्यावरील खुणा अधिक विश्वासार्ह असतात.

तांदूळ, ज्वारी, मका किंवा गव्हाच्या दाण्याला बारीक भोक असेल, पीठ फारसे सांडलेले नसेल आणि चाळणीतून पडलेल्या तपकिरी-काळसर किड्याच्या तोंडाला पुढे आलेली सोंड असेल, तर तो सोंडे किडा, म्हणजेच सायटोफिलस ओरायझी होय. त्याची लांबी सुमारे ३ मि.मी. असते आणि भिंगातून पाहिल्यास पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके दिसतात. मादी सोंडेने दाण्याला खाच पाडते, तीत एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने ती खाच बुजवून टाकते. पायविरहित अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोषावस्थेत जाते आणि प्रौढ कीड भोक पाडून बाहेर येते. याचा अर्थ असा की, धान्य चाळून दिसणारे सर्व किडे काढून टाकले तरी पुढची पिढी दाण्यांतच शिल्लक असते. महिनाभराने ती पुन्हा प्रकट होते आणि ‘औषधाचा उपयोग झाला नाही’ असा समज होतो. कोकण, केरळ, बंगाल यांसारख्या दमट प्रदेशांत ही कीड विशेष त्रासदायक ठरते.

भुकटी मात्र भरपूर असेल, दाण्यांची भोके मोठी व वेडीवाकडी असतील आणि धान्याला किंचित गोडसर वास येत असेल, तर सोंडे किड्याऐवजी दाणे पोखरणाऱ्या लहान भुंगेऱ्याचा, रायझोपर्था डोमिनिकाचा, संशय घ्यावा. हा भुंगेरा जेमतेम ३ मि.मी. लांब आणि नळीसारखा गोल असतो. त्याचे डोके छातीच्या ढालीखाली झाकलेले असल्याने वरून पाहिल्यास दिसत नाही. सोंड नाही आणि डोकेही दिसत नाही, एवढ्या खुणेवरून तो ओळखता येतो. त्याची अळी व प्रौढ दोन्ही अवस्था दाणे खातात आणि प्रौढ चांगला उडतो. त्यामुळे एका कोठीतील प्रादुर्भाव शेजारच्या पोत्यांत पोहोचण्यास वेळ लागत नाही.

तिसरी खूण केसांची आहे. धान्याच्या वरच्या थरात तपकिरी रंगाच्या, राठ केसांनी भरलेल्या अळ्या आणि त्यांच्या पोकळ काती साचलेल्या दिसल्या, तर तो खापरा भुंगेरा समजावा. ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम या नावाची ही कीड मूळची भारतीय उपखंडातील मानली जाते. राजस्थान, हरियाणा, पंजाब यांसारख्या उष्ण व कोरड्या भागांत ती गव्हाची मोठी शत्रू आहे. येथे नुकसान केवळ अळी करते. ती बहुधा दाण्याच्या अंकुराकडील भागापासून खाण्यास सुरुवात करते, म्हणून बियाण्याची उगवण प्रथम घटते. प्रतिकूल काळात ही अळी भिंतीच्या किंवा कोठीच्या फटीत शिरून सुप्तावस्थेत जाते आणि अन्नाविना वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९५३ साली ती आढळली, तेव्हा तिच्या निर्मूलनासाठी अनेक वर्षांची खर्चीक मोहीम राबवावी लागली होती. आजही अनेक देशांच्या संगरोध यादीत तिचे नाव अग्रभागी असते. खापरा ओळखला गेला, तर केवळ धान्याला ऊन देऊन भागत नाही. कोठी पूर्ण रिकामी करणे, फटींतील जुनी भुकटी व काती खरवडून जाळणे आणि फटी लिंपून बुजविणे हाच उपायाचा मुख्य भाग ठरतो. एरवी स्वच्छ केलेले धान्य त्याच कोठीत पुन्हा भरले की अळ्या फटींतून परत येतात.

कडधान्य, पीठ आणि मसाले

हरभरा, मूग, चवळी, तूर यांच्या दाण्यांवर मोहरीहूनही लहान पांढरे ठिपके चिकटलेले दिसले, तर ती बुरशी नव्हे. ती कडधान्यावरील भुंगेऱ्याची, कॅलोसोब्रुकस प्रजातीची, अंडी होत. अळी अंड्यातून सरळ दाण्यात शिरते आणि प्रौढ भुंगेरा बाहेर पडताना दाण्यावर सुबक गोल खिडकी सोडून जातो. प्रौढ काही खात नाही. त्याचे थोडे दिवसांचे आयुष्य अंडी घालण्यातच जाते. या किडीची सुरुवात बहुधा शेतातच पक्व होत आलेल्या शेंगांवर होते. त्यामुळे ‘नवी कोठी, नवे धान्य, तरी भुंगा कसा?’ या प्रश्नाचे उत्तर शेतात असते. काढणीनंतर लगेच कडक ऊन देणे आणि शक्य तेवढ्या धान्याची डाळ करून ठेवणे, या दोन जुन्या रीतींमागे हेच कारण आहे, कारण डाळीवर हा भुंगेरा सहसा वाढत नाही. घरी ठेवावयाच्या अख्ख्या कडधान्याला किलोमागे साधारण ५ मि.ली. खाद्यतेल चोळल्यास अंडी नीट चिकटत नाहीत आणि त्यांतील जीव गुदमरतो.

रवा, मैदा, बेसन यांत तांबूस-तपकिरी, चपटे, चपळ भुंगेरे दिसले आणि पिठाला उग्र वास व किंचित गुलाबी छटा आली, तर तो पिठातील तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टॅनियम होय. त्याच्या ग्रंथींतून क्विनोन वर्गातील द्रव्ये स्रवतात; वास व रंग त्यांचाच. असे पीठ चाळून वापरणे योग्य नाही, ते टाकून द्यावे. हा भुंगेरा सुस्थितीतील अखंड दाणा सहसा फोडू शकत नाही. म्हणून तो गव्हात आढळला, तर त्यात फुटके दाणे व चुरा जास्त आहे, किंवा आधी दुसऱ्या एखाद्या किडीने दाणे पोखरले आहेत, असा अर्थ घ्यावा.

पिठात किंवा तांदळात जाळी धरली असेल, तर ते पतंगवर्गीय किडीच्या अळीचे काम आहे. भारतीय घरांत हे बहुधा तांदळावरील पतंगाचे, कॉर्सिरा सेफॅलोनिकाचे, असते. घरात त्रासदायक असलेला हाच पतंग प्रयोगशाळांत मात्र मुद्दाम वाढविला जातो, कारण ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन त्याच्याच अंड्यांवर केले जाते. सुक्या मेव्यात आढळणाऱ्या दुसऱ्या एका पतंगाला इंग्रजीत ‘इंडियन मील मॉथ’ म्हणतात. नावात इंडियन असले तरी त्याचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला ‘इंडियन मील’ म्हणत आणि त्या पिठावर हा पतंग आढळल्याने आसा फिच या कीटकशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये त्याला हे नाव दिले. कोठी उघडताच फिकट गवती रंगाचे लहान पतंग उडाले, पण जाळी कोठेच नसेल, तर ती सायटोट्रोगा समजावी. तिची अळी दाण्याच्या आत राहते आणि ढिगाच्या केवळ वरच्या थराला उपद्रव देते. अशा वेळी सर्व धान्य बाहेर काढण्यापेक्षा वरचा थर वेगळा करून त्यावर उपाय करणे शहाणपणाचे.

हळद, धने, मिरची यांत आढळणारा तपकिरी, पाठीला कुबड असलेला, डोके खाली वाकविलेला भुंगेरा बहुधा लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, म्हणजेच सिगारेट भुंगेरा असतो. तंबाखूवर जगणारी ही कीड मसाल्यांवरही तितक्याच सहजतेने वाढते. सांगलीजवळील हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत खोल पेवे खोदली जात. तोंड बंद केल्यावर आतला प्राणवायू घटत जाई आणि कीड जगत नसे. आज हवाबंद पिशव्यांत धान्य साठविण्याचे जे तंत्र प्रसृत होत आहे, त्यामागील तत्त्व हेच आहे.

लाकूड आणि भिंत

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंख असलेले कीटक जमले की ‘घरात वाळवी झाली’ अशी भीती वाटते. त्यांपैकी काही प्रत्यक्षात पंख असलेल्या मुंग्या असतात. ओळखण्याच्या खुणा तीन : वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, तर मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात, वाळवीची कंबर जाड, तर मुंगीची बारीक असते, वाळवीच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ, तर मुंगीच्या कोपरासारख्या वाकलेल्या असतात.

लाकडातून पडणारी भुकटीही बोलकी असते. भिंतीवरून चढत गेलेल्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर वाळवी जमिनीतून येत आहे आणि उपायही जमिनीतच, पायाभोवती, करावयास हवा. माती नाही, पण लाकडाखाली खसखशीएवढे, सहा बाजू असलेले कोरडे कण साचत असतील, तर ती कोरड्या लाकडातील वाळवी होय. तेथे जमिनीत औषध घालून काहीच साधत नाही. भुकटी मैद्यासारखी मऊ असेल आणि लाकडाला किंवा बांबूला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके असतील, तर तो भुंगा आहे. तिन्ही प्रसंगी ‘वाळवीचे औषध’ मागितले जाते. प्रत्यक्षात तिन्हींवरचा उपाय वेगळा असतो.

स्वयंपाकघरातील झुरळ

घरातील झुरळे प्रामुख्याने दोन प्रकारची. मोठे, तांबूस, ३५ ते ४० मि.मी. लांबीचे अमेरिकन झुरळ बहुधा गटार, मोरी व नळांच्या वाटेने येते. त्याच्यासाठी मोरीची जाळी, फुटका नळ आणि गटाराचे झाकण यांकडे पाहावे. लहान, फिकट तपकिरी आणि मानेवर दोन काळ्या उभ्या रेघा असलेले जर्मन झुरळ मात्र घरातच, ओट्याखालच्या फटीत, शीतकपाटाच्या मागे, वाढते. त्याची मादी ३० ते ४० अंड्यांची कुपी अंडी फुटण्याच्या सुमारापर्यंत शरीराला चिकटवून फिरते. म्हणून एका मादीचा नायनाट म्हणजे संभाव्य संपूर्ण कुटुंबाचा नायनाट.

लिनियसने १७६७ मध्ये या झुरळाला ‘जर्मन’ असे नाव दिले. त्याचे मूळ मात्र जर्मनीत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात एका आशियाई झुरळापासून ते उत्क्रांत झाले आणि माणसाच्या व्यापाराबरोबर जगभर पसरले. या दोन झुरळांचा फरक लक्षात न घेता सगळ्या घरात फवारणी केली, तर गटारातून येणारे झुरळ येतच राहते आणि फटीतले झुरळ फटीतच सुरक्षित राहते.

उंदीर : शेपूट, लेंडी आणि पाऊल

उंदीर प्रत्यक्ष दिसतो क्वचित. त्याच्या खुणा मात्र रोज दिसतात. लेंडी ही त्यांतील सर्वांत उपयुक्त. ३ ते ६ मि.मी. लांब, टोकदार लेंड्या घरातील लहान उंदराच्या असतात. सुमारे १२ मि.मी. लांब व काहीशा वाकलेल्या लेंड्या माळ्यावर, कौलांखाली वावरणाऱ्या काळ्या उंदराच्या समजाव्यात. १८ ते २० मि.मी. लांब, बोथट टोकांच्या लेंड्या गटारे व बंदरांच्या परिसरातील मोठ्या तपकिरी उंदराच्या असतात. ताजी लेंडी काळी, मऊ व चकचकीत असते. जुनी करडी होऊन चुरडते. केवळ जुन्या लेंड्या सापडल्या, तर उंदीर निघून गेलेला असण्याची शक्यता असते. लेंड्या हाताळताना हातमोजे व ओले फडके वापरावे. कोरडा झाडू फिरवून धूळ उडवू नये.

मेलेला वा सापळ्यात सापडलेला प्राणी समोर असेल, तर शेपूट पाहावी. काळ्या उंदराची शेपूट डोके व धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षा जास्त असते, कान मोठे व तोंड निमुळते असते. तपकिरी उंदराची शेपूट धडापेक्षा आखूड, कान लहान व तोंड बोथट असते. अंगणात, गोठ्याजवळ किंवा गोदामाच्या पायाशी ताज्या मातीचा ढीग असलेले बीळ दिसले, तर ते घुशीचे असू शकते. इंग्रजीतील ‘बँडिकूट’ हा शब्द तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुकरासारखा उंदीर, यावरून आला आहे. छोटी घूस मोठ्या घुशीहून आकाराने लहान असली, तरी बिळात धान्य साठविण्यात पटाईत असते. जुआन स्पिलेट यांनी १९६० च्या दशकात कोलकात्याच्या धान्य-गोदामांत जो अभ्यास केला, तो याच छोट्या घुशीचा होता.

कोण येतो हे कळत नसेल, तर घरातील रांगोळी उपयोगी पडते. रात्री भिंतीलगत रांगोळीचा पातळ थर पसरावा आणि सकाळी ठसे पाहावेत. उंदीर व घूस यांच्या पुढच्या पावलाला चार बोटांचा आणि मागच्या पावलाला पाच बोटांचा ठसा उमटतो. चारही पावलांना पाच बोटे दिसली, तर ती चिचुंद्री असते. बाहेरच्या बिळांसाठी सोपी कसोटी म्हणजे संध्याकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उघडलेली दिसतील, तीच जिवंत बिळे होत.

या ओळखीचा थेट उपयोग सापळा लावताना होतो. घरातील लहान उंदीर जिज्ञासू असतो आणि अनेक ठिकाणी थोडे थोडे खातो. त्याच्यासाठी अनेक लहान सापळे, थोड्या थोड्या अंतरावर, पहिल्याच रात्री लावावेत. मोठे उंदीर नव्या वस्तूला घाबरतात. त्यांच्यासाठी सापळा तीन-चार दिवस नुसताच, चाप न लावता, खाद्य ठेवून उघडा ठेवावा आणि मग लावावा. झिंक फॉस्फाइडसारख्या तीव्र विषाने एखादा उंदीर आजारी पडून वाचला, तर तो ते आमिष पुन्हा घेत नाही. म्हणून शेतात असे आमिष वापरण्यापूर्वी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष देण्याची शिफारस असते. कोणताही सापळा लावण्याआधी वाटा बुजविणे महत्त्वाचे. ज्या फटीतून पेन्सिल जाते, तिच्यातून लहान उंदीर जाऊ शकतो. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी आणि नळाभोवतीच्या भोकाला सिमेंट, हा खर्च एकदाच करावा लागतो.

ज्यांचा दोष नाही, असे सोबती

चिचुंद्रीला उंदीर समजून मारले जाते. ती कृंतक नव्हे. तिचे तोंड लांब व टोकदार, डोळे बारीक आणि दात लहान व अणकुचीदार असतात. उंदराच्या पटाशीसारख्या दातांनी कुरतडण्याची सोय तिच्याजवळ नाही. ती मुख्यतः झुरळे व इतर कीटक खाते. तिचा वास उग्र असतो हे खरे. मात्र धान्याच्या पोत्याला पडलेले भोक तिच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

खिडकीच्या काचेवर बसणारी, पोट सतत वरखाली हलविणारी काळी गांधीलमाशी पाहून मुलांना दूर नेले जाते. इव्हानिया नावाची ही माशी माणसाला उपद्रव देत नाही. तिची अळी झुरळाच्या अंड्यांच्या कुपीत वाढते. ती घरात वारंवार दिसणे म्हणजे कोठेतरी झुरळे आहेत, एवढाच निरोप. धान्यात सोंडे किड्यांसोबत दिसणाऱ्या काळ्या, मुंगीएवढ्या लहान गांधीलमाश्याही किडींच्या अळ्यांवर जगणाऱ्या मित्रकीटक असतात.

चुकलेल्या ओळखीची किंमत

उंदराची ओळख हा कधी काळी सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरला होता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या परिसरात, पसरलेला ताप प्लेगचा आहे हे मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. त्या वेळी रोग कशाने पसरतो याचे उत्तर कोणाकडे नव्हते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदीर, उंदरावरील पिसू आणि माणूस ही साखळी दाखवून दिली. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आणि त्यानंतर सुरतेत प्लेगची नोंद झाली, तेव्हा १९९३ च्या भूकंपानंतर उंदरांची वाढलेली संख्या चर्चेत आली. विष न घालता घरात वा वस्तीत एकाएकी उंदीर मरून पडू लागले, तर ते उघड्या हाताने उचलू नयेत आणि नजीकच्या आरोग्य केंद्राला त्वरित कळवावे. पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिसही उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. उंदीर ओळखणे म्हणूनच केवळ धान्य वाचविणे नव्हे.

दुसरी किंमत औषधाची आहे. धान्यात कीड दिसताच अनेक घरांत ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी कोठीत टाकली जाते. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून हवेतील ओलाव्याच्या संपर्काने सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन वायू बाहेर पडतो. या वायूवर उतारा नाही. कोठी झोपण्याच्या खोलीत असेल, झाकण घट्ट नसेल, तर वायू धान्यात राहत नाही. तो माणसांच्या श्वासात जातो. अशा घटनांत लहान मुलांसह माणसे दगावली आहेत. भारतीय नियमांनुसार ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वापर केवळ शासकीय यंत्रणांनी, अथवा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या कडक देखरेखीखाली कीडनियंत्रकांनी करावयाचा आहे. राहत्या घरात त्याला स्थान नाही. गळक्या कोठीत अपुरा वायू राहिल्याने किडीतील सर्वांत चिवट जीव वाचतात आणि पुढची पिढी त्या वायूला दाद देईनाशी होते. भारतात तांबड्या भुंगेऱ्यात व दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यात अशी प्रतिकारशक्ती आढळली आहे. पूर्वी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या ईडीबीच्या काचनळ्यांवर २००१ मध्ये बंदी आली. कोणाच्या माळ्यावर त्या अद्याप पडून असतील, तर वापरू नयेत. उंदरांसाठी पिवळ्या फॉस्फरसचा लगदा पावावर लावून ठेवण्याची पद्धतही तितकीच धोकादायक आहे. तो पोटात गेल्यास यकृत निकामी होते आणि त्यावरही उतारा उपलब्ध नाही.

घरच्या घरी तपासणी

पंधरा दिवसांतून एकदा कोठीच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून मूठमूठ धान्य काढून पांढऱ्या कागदावर चाळावे आणि कागद थोडा वेळ उन्हात ठेवावा. ऊन लागताच लपलेले किडे हालचाल करू लागतात. मूठभर दाणे पाण्यात टाकावेत. आतून पोखरलेले दाणे तरंगतात. कोठीत हात खोल घालून पाहावा. मधला भाग उबदार लागला, तर कीड वाढत असण्याची शक्यता असते. कोइम्बतूर येथील तमिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेला छिद्रांच्या नळीचा सापळा धान्यात खोचून ठेवल्यास भटकणारे भुंगेरे त्यात पडतात आणि प्रादुर्भाव डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी कळतो.

सापडलेली कीड लगेच चिरडू नये. काचेच्या लहान बाटलीत घालून, ती कोणत्या धान्यात, कोणत्या तारखेला सापडली, हे कागदावर लिहून बाटलीला चिकटवावे. भिंगाखाली सोंड, केस, कुबड किंवा पाठीवरील ठिपके पाहावेत. ओळख पटली नाही, तर ती बाटली व थोडे किडके धान्य नजीकच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावे. उपाय मग त्या ओळखीतूनच निघतो.

सर्व किडींना सारखाच जाचणारा उपाय एकच आहे : कोरडेपणा. धान्यातील ओलावा १० टक्क्यांच्या आसपास उतरविला, ते थंड करून स्वच्छ, बिनफटीच्या, घट्ट झाकणाच्या कोठीत भरले आणि जुन्या धान्यात नवे मिसळले नाही, तर बहुतेक किडींची वाढ मंदावते. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली पुसा कोठी याच तत्त्वावर उभी आहे. खापरा मात्र याहून कोरड्या धान्यातही तग धरतो. म्हणूनच कोठी भरण्यापूर्वी तिच्या फटी तपासाव्यात आणि भरल्यानंतर त्या पांढऱ्या कागदाकडे दर पंधरवड्याला एकदा पाहावे.